सज्ज्यातला विसावा

दामिनीचा जीव थाऱ्यावर नव्हता. मूल गावच्या नाल्यावर तिने आखलेला पायी जाण्याचा पूल दिवाळीत सुरू झाला. त्याच्या मधोमध, आपल्या वरिष्ठ साहेबांशी भांडभांडून, तिने एक रुंद सज्जा आणि बाकं करून घेतली होती. बाजारातून येणाऱ्या बायांनी घटकाभर बसावं, म्हाताऱ्यांनी गप्पा ठोकाव्यात, एवढीच तिची हौस. लोक मात्र सज्जा आला की पलीकडच्या कठड्याला घासत पळ काढायचे.

कारण साऱ्या गावाला ठाऊक होतं, उशिरा कळलं ते इंजिनीयर बाईंनाच. स्मशान नाल्यापलीकडे. पुलासाठी तोडलेल्या आंब्याखाली पिढ्यान्‌पिढ्या तिरडी विसाव्याला ठेवत, खांदे बदलत. आंबा गेला, म्हणून पुलावरून निघालेल्या पहिल्याच प्रेतयात्रेने तिरडी सरळ सज्ज्यात उतरवली. दामिनीने त्या झाडाचा घेर मोजला होता, त्याच्याखाली काय होतं ते विचारलं नव्हतं. करायला गेली गणपती आणि झाला मारुती!

आज साहेब येणार होते. "कुणी बसत नसेल तर जाळी ठोकून बंद करू," असं त्यांनी फोनवर सांगूनच टाकलं होतं. दामिनी सकाळपासून पुलावर फेऱ्या घालत होती. शेवटी स्वतःच बाकावर बसली, तर एक सायकलवाला थांबला.

"उठा जी बाई. जित्या मानसाची जागा नाई थे."

ती ओशाळून उठली. तिला गावाचा राग आला, आणि त्याहून जास्त स्वतःचा.

खाली साहेबांची गाडी लागली. तेवढ्यात मासोळ्या विकून परतणारी बायनाबाई आली. सज्ज्यापाशी थबकली, डोक्यावरची टोपली उतरवली आणि खुशाल बाकावर बसली. दामिनी धावतच तिच्याजवळ गेली.

"बाई, तुम्हाला भीती नाही वाटत इथे?"

"कायची भीती? पह्यली तिरडी माह्याच मालकाची होती. साऱ्या जनमाचा थकलेला मानूस, इथी जरा थांबला."

"पण लोक काय म्हणतील?"

"म्हनू दे. एक दिस मलेही इथीच ठेवतीन. तवा का मले हा वारा लागनार हाय? म्हून आजच बसून घेतो."

दामिनीचे डोळे भरून आले. ती तिच्या शेजारी बसली. साहेब धापा टाकत वर आले आणि दोघींकडे बघतच राहिले.

बायनाबाई सरकली. "बसा जी साहेब. सगळ्यायले जागा हाय."

साहेब काही बसले नाहीत. पण जाळीचं नावही त्यांनी काढलं नाही.