जन्मठेपेच्या कक्षाची खिडकी

वास्तुविशारदाने पट्टी धरून पुठ्ठ्याच्या भिंतीवर ब्लेड फिरवले आणि सुटलेला चौकोन नखाने बाहेर ढकलला. नव्या तुरुंगाची प्रतिकृती सकाळपासून जेवणाचे टेबल अडवून बसली होती. सोमवारी ती समितीपुढे जायची होती. समोर बसून त्याची बायको चिमट्याने कागदी माणसे चिकटवत होती. लग्नापासून त्याच्या प्रत्येक प्रतिकृतीतली माणसे तिच्याच हातची.

भेटीच्या खोलीत तिने एक म्हातारी बसवली.

"मध्ये काच नाही ना?"

"नाही. नुसतं टेबल."

"बरं केलंत. तिला आधीच कमी ऐकू येतं."

तो हसला, पण जपूनच. तिच्या धाकट्या भावाला, छोट्याला, गाडी लावण्याच्या वादात भोसकून मारणारा माणूस जन्मठेप भोगायला याच इमारतीत यायचा होता. दोघांनाही ते ठाऊक होते. विषय मात्र कोणीच काढला नव्हता.

जन्मठेपेच्या कक्षातल्या पहिल्या खोलीत तिने खाटेवर बसलेला माणूस ठेवला, वाकली, एक डोळा मिटून पाहिले.

"अहो, तुमचं माप चुकलंय."

"कुठे?"

"बाकी सगळीकडे बसल्या बसल्या अंगणातलं झाड दिसतं. इथे खिडकी याच्या डोक्यावरून गेलीय."

तो पट्टी पुसू लागला. पट्टी स्वच्छच होती.

"चुकलेलं नाही. नकाशातही तशीच आहे. म्हटलं, तुला पुढे वाटायला नको, की मी त्याला झाड दिलं."

तिने चिमटा खाली ठेवला.

"समितीला काय सांगणार होतात?"

"सुरक्षा."

"शाबास! मी त्याचं किती वाईट चिंतते, तुम्हाला कल्पना नाही. दात घासतानासुद्धा. पण ते माझं मी करीन. माझ्या नावावर भिंती कसल्या चढवता? आणि त्या कक्षात तो काय एकटाच राहणार आहे?"

त्याने कोरा पुठ्ठा ओढला आणि खिडक्यांची अख्खी ओळ खाली घेऊन पुन्हा आखली. पहिल्या चौकोनात ब्लेड घसरले. पुढचे सरळ आले.

नवी भिंत बसल्यावर तिने तो माणूस पुन्हा खाटेवर चिकटवला. खिडकीकडे त्याची पाठ आली होती. तिचे लक्ष नसावे असे वाटून वास्तुविशारदाने चिमटा पुढे केला. तिने त्याचा हात बाजूला सारला.

"राहू द्या. वळायचं की नाही, ते त्याचं तो बघेल."

आणि शेजारच्या खोलीसाठी तिने दुसरा माणूस कापायला घेतला.