गव्हाणीपुढचा शिपाई

मी एक जुना लाकडी शिपाई आहे. एखाद्या भल्या राजाचा असतो तर मिरवलो असतो, पण माझा धनी म्हणजे हेरोद. येशूच्या जन्माची बातमी ऐकून ज्याचं धाबं दणाणलं आणि ज्याने बेथलेहेमातली तान्ही मुलं मारायला शिपाई धाडले, तोच तो.

एका म्हाताऱ्या सुताराने चर्चमधल्या नाताळच्या देखाव्यासाठी मरिया, योसेफ, गव्हाणीत निजलेला बाळ येशू, मेंढपाळ, गाढव असा सगळा गोतावळा कोरला आणि उरल्यासुरल्या लाकडातून मला, उगारलेल्या तलवारीसकट. "गोष्ट सांगायची तर अख्खी सांगावी," असं तो म्हणायचा. मुलं मला बघून घाबरायची आणि पुन्हा बघायला यायची. खरं सांगतो मित्रांनो, मेंढपाळांपेक्षा माझ्यापुढेच गर्दी जास्त असायची!

सुतार गेला आणि माझे दिवस फिरले. देखावा मांडणाऱ्या शिक्षिकाबाईंना मी डोळ्यांसमोर नकोसा झालो. "एवढ्या गोड देखाव्यात हे ध्यान कशाला?" म्हणत त्यांनी मला मेणबत्त्यांच्या तुकड्यांबरोबर कपाटात टाकलं. वाळवीने माझा एक पाय चाखला. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू?

त्या चर्चची एक रीत होती. वस्तीत त्या वर्षी जन्मलेल्या एखाद्या बाळाचं दुपटं गव्हाणीतल्या बाळाला गुंडाळायचे. एका वर्षी ते वस्तीतल्या शिंपीणबाईने द्यायचं ठरलं होतं. पण मधल्या काळात तिची तान्ही मुलगी एका दारुड्याच्या गाडीखाली सापडून गेली. आता तिला दुपट्याचं विचारायची कुणाची छाती होईना. शेवटी ती आपणहूनच ते घेऊन आली. कपाटाचं दार उघडं होतं, म्हणून मला सगळं दिसत होतं.

फादर आणि शिक्षिकाबाई देखावा मांडत होते. तिने त्यातली एकेक मूर्ती निरखली. मग म्हणाली, "फादर, तो शिपाई कुठंय?"

"मुलं घाबरतात हो, म्हणून आत ठेवलाय," शिक्षिकाबाई म्हणाल्या.

"मग दुपटं मी नाही देणार. इथं सगळे नुसते हसतायत. त्या बेथलेहेमातल्या आया रडल्या, त्यांचं काहीच नाही. मग मी कुठं उभी राहू?"

फादरांनी मला बाहेर काढलं आणि आपल्या बाहीने पुसलं.

"मरियेचं बाळ वाचलं. माझं का नाही?" तिने विचारलं.

"मला ठाऊक नाही, पोरी. उगाच काहीतरी सांगणार नाही. पण देव आला तो तलवारी म्यान झाल्यावर नाही आला. त्या उगारलेल्या होत्या, त्याच गावात आला. पुढे त्यालाही मारलंच की. तरी तो मरणाला पुरून उरला. माझी सगळी आशा तेवढ्यावरच आहे."

शिंपीणबाई खूप रडली. मग तिने माझा मोडका पाय गवतात रोवून मला गव्हाणीपुढे उभं केलं. "राहा इथंच, मेल्या. बघ त्याच्याकडे," ती मला म्हणाली. आणि मानेखाली हात धरून तिने त्या बाळाला आपल्या लेकीचं दुपटं गुंडाळलं. शिक्षिकाबाईंनी तिच्यासाठी खुर्ची आणली.

मित्रांनो, माझे लाड करा असं मी म्हणत नाही. पण नाताळचा देखावा मांडाल तेव्हा मला कपाटात कोंडू नका. मला लपवलंत, की माझ्यासारख्यांनी रडवलेली आईही दाराबाहेरच राहते. आणि ते बाळ तर आधी तिच्यासाठीच आलं आहे.