कोमट पाणी

"पाणी गार असतं हो दर वर्षी," हॉस्पिटलच्या गेटवरच्या खिडकीत कोपर टेकून चर्चच्या पाळकबाई म्हणाल्या. "बहुतेक म्हाताऱ्या माणसांचे पाय धुवायचे आणि तेही असल्या पाण्यानं. मागच्या वर्षी मास्तरीणबाई एवढ्या दचकल्या, की पाळकांच्या चष्म्याला लाथ बसली."

"मग तापवा की." मामा आत बसून भेटायला येणाऱ्यांचे पास फाडत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"कोमट लागतं. मी तापवलं तर त्यात अंडं उकडेल. तुम्ही आयुष्यभर वाफ सांभाळलीत. बारा जणांचे पाय, दोन बादल्या पाणी. एवढंच."

"मी ते काम सोडलंय."

"देवावर रुसायचं तर खुशाल रुसा, त्याला सवय आहे. पण पाण्यानं तुमचं काय घोडं मारलंय?" मग त्या आवाज उतरवून म्हणाल्या, "चर्चचं स्वयंपाकघर मागच्या अंगाला आहे. मागच्या दारानं या, मागच्या दारानं जा. कोणाला तोंड दाखवायला नको."

मामा गप्प बसले. गप्प बसणाऱ्याचा होकार धरून चालण्यात पाळकबाईंचा हात कोणी धरला नसता. गुरुवारी, गुड फ्रायडेच्या आदल्या संध्याकाळी पाचला, असे सांगून त्या निघूनही गेल्या.

हॉस्पिटलात सगळे त्यांना अजून बॉयलरमामाच म्हणत, जरी चार वर्षांत त्यांनी बॉयलरघराचे तोंड पाहिले नव्हते. आधी तिथे मामा आणि त्यांचा धाकटा भाऊ एकाच पाळीला असत. धाकट्याचे लग्न झाले तेव्हा घरात मधोमध भिंत घातली होती, आणि रोज सकाळी धाकटा पलीकडून त्या भिंतीवर दोन ठोके देई. चहा झालाय, या. चहा पिऊन दोघे बरोबर कामावर निघत.

चार वर्षांपूर्वी एका दुपारी मामा "आलोच" म्हणून कँटीनमध्ये चहाला गेले आणि मागे वाफेची नळी फुटून धाकटा भाजला, त्यातच गेला. चौकशीत निघाले की नळी आतून सडली होती, दोष कोणाचाच नाही, मामा तिथे असते तर एकाऐवजी दोघे गेले असते. साहेबांनी हे समजावले, पाळकांनी समजावले, मामींनी तर उठताबसता समजावले. पण वॉर्डाबाहेरच्या बाकावरून धाकटीने, म्हणजे धाकट्याच्या बायकोने, वर बघून एकच विचारले होते, "भाऊजी, तुम्ही कुठं होता?" आणि मामांच्या तोंडून शब्द फुटला नव्हता. चहाला गेलो होतो, हे तिला कोणत्या तोंडाने सांगायचे? दुसऱ्या कशाला गेलो असतो तर सांगता तरी आले असते.

तिने पुन्हा विचारले नाही. ती मामींशी बोले, वाटीभर काही केले तर देऊन जाई, पण मामा दिसले की दोघांपैकी एक जण वाट बदले. तिने शिवणाचे मशीन घेतले होते. त्याचा खडखडाट भिंतीतून येत राही आणि मामा तो ऐकत पडून राहत. त्यांनी चहा सोडला. चूल पेटवणे सोडले, गरम पाण्याला हात लावणे सोडले, ऐन थंडीत गार पाण्याने आंघोळ करू लागले. मामी म्हणत, "घरबसल्या साधू मिळालाय मला. आता दाढी तेवढी वाढवायची राहिलीय."

आणि पाळकबाई काहीही म्हणोत, मामा देवावर रुसलेले नव्हते. देवासमोर जायला त्यांचे पाय उचलत नसत, एवढेच. दर रविवारी ते मामींना चर्चच्या फाटकापर्यंत सोडत आणि बाहेर कट्ट्यावर बसत. आत गाणे सुरू झाले की खालच्या पट्टीत ओठ हलवत. आत तिसऱ्या बाकावर धाकटी बसलेली असे.

गुरुवारी मात्र ते मागच्या दाराने आत गेले. काडी ओढताना दोन मोडल्या. तिसरी पेटली. पातेले तापायला लागले, तळाशी आधी बारीक सूं झाले, मग कडेने बुडबुडे धरले. हा आवाज त्यांच्या ओळखीचा होता. इतक्या दिवसांनी ओळखीचे माणूस भेटावे तसे त्यांना बरे वाटले, आणि बरे वाटले याचेच रडू आले. स्वयंपाकघरात कोणी नव्हते, म्हणून ते थोडे रडलेही. मग बादलीत गार पाणी मिसळून, लहान मुलाच्या आंघोळीचे बघतात तसे त्यांनी कोपर बुडवून पाहिले.

चर्चमध्ये उघडणारे दार अर्धवट उघडे होते. पश्चिमेच्या रंगीत काचांतून ऊन येऊन चर्चच्या झिजलेल्या फरशीवर लाल-निळे होऊन पडले होते. इतके सुंदर असते हे, मामांना वाटले, आणि आपण बाहेर कट्ट्यावर बसत होतो.

पाळक शास्त्रभाग वाचत होते. प्रभूने कमरेला रुमाल गुंडाळला आणि शिष्यांचे पाय धुतले. त्याच रात्री यातले कोण कोण आपल्याला सोडून पळणार आहेत, हे त्याला ठाऊक होते, तरी त्याने एकाचेही पाय वगळले नाहीत. मामांनी हे लहानपणापासून कितीदा ऐकले असेल. आज पहिल्यांदा त्यांनी ते पळालेल्यांच्या बाजूने ऐकले. बादलीच्या कडीवरचा हात तसाच राहिला.

"चला," पाळकबाई दारात येऊन म्हणाल्या, "पाणी ओतायला माणूस पाहिजे."

"तुम्ही म्हणालात, तोंड दाखवायला नको."

"खोटं बोलले. त्याचं मी देवाशी बघून घेईन." त्यांनी मामांच्या हातात जग दिला.

बारा जण खुर्च्यांवर अनवाणी बसले होते. मामा परातीतल्या पायांवर पाणी ओतत, पाळक धूत, पाळकबाई पुसत. मास्तरीणबाईंनी आधी पाय आखडून घेतला आणि पाणी लागल्यावर हळूच सोडला. "अगं बाई, कोमट आहे," त्या शेजारणीला म्हणाल्या. मामा खाली बघून पुढे सरकत होते. पायच तेवढे दिसत होते, सुजलेले, शिरा फुगलेले, आज येण्याआधी घरी घासूनपुसून आणलेले.

शेवटच्या खुर्चीपुढे ते थांबले. टाचांना भेगा होत्या आणि मशीन चालवून चालवून तळव्याला घट्टे पडले होते. वर बघायची गरज नव्हती. तरी त्यांनी बघितले. धाकटी त्यांच्याकडेच बघत होती.

जग पुढे येईना, म्हणून पाळकांनी मान वर केली. त्यांनी दोघांकडे पाहिले आणि मग त्या भल्या माणसाने पाळकबाईंच्या हातातला टॉवेल घेऊन त्याची घडी घालायला सुरुवात केली. घडी घातलेलाच होता तो. त्यांनी उलगडून पुन्हा घातली. मागे लोक सावकाश गात होते.

"चहाला गेलो होतो," मामा म्हणाले.



"कँटीनमध्ये. त्याला म्हटलं, आलोच." मामांनी जग खाली घेतला. "तू विचारलं होतंस."

तिचे डोळे भरून आले. तिने ते पुसले नाहीत. गाण्याचे एक कडवे संपून दुसरे सुरू झाले.

"पिऊन झाला होता का?" तिने हळूच विचारले.

"नाही. अर्धा राहिला."

तिने मान हलवली, जणू तेवढेच कळायचे राहिले होते. मग तिने पाय उचलून परातीत ठेवले.

"ओता भाऊजी. गार होतंय."

मामांनी पाणी ओतले. धार बरोबर पायांवरच पडली. पाळकांनी टॉवेल परत दिला आणि पाय धुवायला घेतले.

निघताना पाळकबाईंनी सांगून टाकले, की हॉस्पिटलात म्हाताऱ्यांच्या वॉर्डातही सकाळी अंग पुसायला पाणी गारच असते. विचारले नाही, सांगितले. मामांनी विचारले, "किती वाजता पुसतात?"

दुसऱ्या दिवशी ते आंघोळीला निघाले होते, तेवढ्यात भिंतीवर दोन ठोके पडले. मामींची पोळपाटावरची कणीक तशीच राहिली. त्यांनी नवऱ्याकडे पाहिले. मामांनी टॉवेल दोरीवर टाकला आणि ते पलीकडे गेले.

मशीनवरचे कापड बाजूला सारून धाकटीने तिथेच कप ठेवला होता. मामांनी तो दोन्ही हातांत धरला. चटका बसत होता, तरी सोडला नाही. ते घोट घोट घेत राहिले आणि कप रिकामा होईपर्यंत धाकटी समोर बसून राहिली.