लायसन्स कोणाच्या नावे

पाहुणे दारात आले तेव्हा फरहत मनसारामच्या नावेची दोरी पुसत होती.

कॉम्प्युटरवर नाव आभाळातून चालली होती आणि नावेत खुद्द मनसाराम फेटा बांधून, दोन्ही हात पसरून उभा होता. शूटिंगच्या दिवशी ती नाव तलावाकाठच्या झाडाला दोरखंडाने टांगली होती. वाऱ्याने दोरखंड हलायचा, त्यामुळे प्रत्येक चित्रात तो वेगळ्या जागी असायचा. एका सेकंदाची पंचवीस चित्रं. फरहत एकेक चित्र उघडत होती, दोरखंडावर शेजारचं आभाळ सारवत होती आणि पुढे जात होती.

"फरहत, ऊठ! नागभीडवाले आले," अंजुमने दारातून हाक दिली.

"एवढा टुकडा होऊ दे ना, अम्मी."

"ते तुले पाहाले आले हायेत, तुह्या टुकड्याले नाई."

फरहतने ओढणी सारखी केली, पण खुर्ची सोडली नाही.

चंद्रपुरातल्या त्या घराची पुढची खोली म्हणजे तिच्या वडिलांचं, जलालुद्दीनचं दुकान, मधली खोली मिक्सिंगची, आणि त्यामागे संसार. लग्नाची शूटिंग जलालुद्दीन करायचा. कॅसेट घरी आली की पुढचं सगळं फरहतचं. नवरानवरीला गुलाबात बसवणं, घोड्यावरच्या नवरदेवाला ढगात नेणं, वरातीत घुसलेल्या दारुड्याला गुपचूप कापून टाकणं. सहा वर्षं हे असंच चाललं होतं. आता ती सव्वीस वर्षांची झाली होती, आणि ती गेल्यावर मधल्या खोलीचं काय करायचं, हा विषय जलालुद्दीन कधी निघू देत नसे.

स्थळ सुचवलं होतं ते मनसारामनेच. नागभीडजवळच्या एका तलावावर तो मासेमारी करायचा आणि हिवाळाभर नाटकांत कामं करायचा. यंदा मच्छीमारांच्या सोसायटीने वर्गणी काढून त्याच्या गाण्यांची व्हीसीडी करायला घेतली होती. त्या निमित्ताने तो दोन्हीकडे फिरला होता: इथे फरहतकडे, आणि तिकडे नागभीडला सरफराजच्या स्टुडिओत. "त्याची मशीन भारी, तुमच्या पोरीचा हात भारी," एवढंच तो जलालुद्दीनला म्हणाला होता. आज तो सरफराज आणि त्याची आई सुलताना यांच्यासोबत आला होता. मात्र बैठकीत न टेकता तडक मधल्या खोलीत शिरला.

"माही नाव दाखव बाई आधी."

फरहतने तुकडा चालवला. नाव उडाली. दोरखंड कुठेच दिसेना. मनसारामने टाळी वाजवली आणि मग कॉम्प्युटरजवळ वाकला.

"हे फुल्ली काऊन मारली माह्या तोंडावर?"

चित्रभर, या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत, पांढरी फुल्ली होती.

"ट्रायल आहे, भाऊ. सॉफ्टवेअर इकत घेतल्याबिगर ते फुल्ली जात नाई."

"ओरिओल?" दारातून आवाज आला. सरफराज आईला बैठकीत सोडून तिथे येऊन उभा होता. पाहायला आलेल्या मुलाने नजर कुठे ठेवावी हे त्याला उमगलं नसावं, म्हणून त्याने ती नावेवर ठेवली होती. "इंडोजवालं हाय का?"

"हाव."

"ते तर बंद झालं ना."

"माहीत आहे मले," फरहत म्हणाली.

तिला ते महिन्याभरापूर्वीच कळलं होतं. ओरिओल बनवणारी कंपनी दुसऱ्या एका मोठ्या कंपनीने विकत घेतली होती, आणि ती मोठी कंपनी 'नोव्हा' नावाचे स्वतःचे महागडे कॉम्प्युटर विकायची. घेतल्या घेतल्या तिने विंडोजवरचं ओरिओल बंद केलं. नोव्हावर चालणाऱ्या ओरिओलची किंमत निम्म्यावर आणली, चाळीस हजार. साध्या कॉम्प्युटरवर विंडोजऐवजी लिनक्स ही दुसरी प्रणाली घालून चालवायचं असेल, तर किंमत होती तीच, ऐंशी हजार. लोकांनी नोव्हा घ्यावा म्हणून केलेली ही युक्ती फरहतला पहिल्या वाचनातच कळली होती. त्या दिवशी ती जेवली नव्हती.

"माह्याजवळ नोव्हा आहे," सरफराज म्हणाला. "नागपूरच्या एका जाहिरातवाल्याकडून सेकंडहँड घेतला. पन ओरिओल नाई आहे. चालवता येत नाई मले." मग जरा थांबून तो म्हणाला, "हा दोरखंड कसा पुसला?"

"हातानं."

"सगळा?"

"मंग काय मंतर मारला?"

तो मोठ्याने हसला. बैठकीत सुलतानाने आणि अंजुमने एकमेकींकडे पाहिलं.

चहा झाला, पोहे झाले. मनसाराम फार खुशीत होता. "पाहा गा, जलालभाऊ," तो म्हणाला, "याच्या घरी मशीन, इच्या हातात इद्या. वरतूनच जुळवून पाठवलं हाय देवानं."

सुलताना मोजकं बोलणारी बाई होती. नवरा गेल्यावर शिवणकामावर तिने मुलाला वाढवलं होतं. कप खाली ठेवून ती सरळ म्हणाली, "मले पोरगी पसंत आहे. तुमाले आमी पसंत असलो, तर मेहरचं बोलून घेऊ. निकाहात आमच्याकडून पोरीले काय पाह्यजे, ते तिलेच इचारा."

अंजुमने आत येऊन विचारलं. फरहतने दाराच्या चौकटीवर बोट फिरवलं, वरून खाली, आणि मग बाहेर सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाली, "मले ओरिओल पाह्यजे."

"काय पाह्यजे?" सुलतानाने विचारलं.

"सॉफ्टवेअर, अम्मी," सरफराज म्हणाला. त्याचा चेहरा उजळला होता.

"हातात काय येते त्याच्यानं?"

"एक सीडी. आन् एक चाबी येते, मशीनच्या मागं लावाची. ते चाबी लावल्याबिगर चालत नाई."

"चाबी आहे, आन् घर नाई?" सुलताना म्हणाली. "असं चालते का मेहरमधी?"

"ज्याले किंमत आहे आन् जे तिच्या मालकीचं होते, ते चालते, असं मी तर ऐकलं," जलालुद्दीन म्हणाला. "मौलवीसाहेबाले इचारून घेऊ."

"मंग झालंच," सरफराज म्हणाला. "नोव्हावालं घेऊ. चाळीसमधी होते. मशीन तर घरचीच आहे."

"नाई," फरहत म्हणाली. "लिनक्सवालं."

लिनक्स म्हणजे काय हे तिथे दोघांनाच ठाऊक होतं, पण ते दुप्पट महाग आहे हे सरफराजच्या चेहऱ्यावरून सगळ्यांना कळलं.

"काऊन पन?" तो म्हणाला. "तेच सॉफ्टवेअर आहे. तेच बटन."

"लिनक्सवालं माह्या मशीनवर चालते."

"माह्या मशीनवर भरोसा नाई का?"

"मशीनवर आहे जी." फरहत आता दारात आली होती. "पन कधी भांडन झालं आपलं, त्या दिवशीबी काम तर करा लागन. तवा तुमाले मशीन मागत बसू का?"

मनसारामला ठसका लागला. अंजुमने कपाळाला हात लावला. सरफराज खाली पाहत राहिला. त्याचे कान लाल झाले होते.

सुलताना मात्र फरहतकडे पाहत होती. "माह्या बापानं मले शिलाई मशीन देल्ली होती," ती म्हणाली. "तिच्या चाकाले मी कोनाले हात लावू देत नाई. यालेबी नाई." ती उठली, चपला घालता घालता म्हणाली, "आमी सांगतो इचार करून."

त्यानंतर आठवडा गेला आणि निरोप आला नाही. अंजुम भांडी जरा जोरात ठेवू लागली. "सोनं मागतलं असतं तं लोकायले समजलं असतं," असं ती भिंतीला सांगायची. जलालुद्दीन एकदा मधल्या खोलीत येऊन स्टुलावर बसला आणि मुलगी दोरखंड पुसते ते पाहत राहिला.

"चुकलं का माह्यं, अब्बा?"

"मागून झाल्यावर कोनी असं इचारते का?" तो म्हणाला. "त्या चित्रात खाली थोडी दोरी राह्यली पाहा."

दुसऱ्या दिवशी दुपारी दुकानातला फोन वाजला. पलीकडून कोणी सलाम केला नाही, नावही सांगितलं नाही.

"तुमच्या मशीनमधी ग्राफिक कार्ड कोनतं आहे?"

फरहतने आवाज ओळखला. तिने कार्डाचं नाव सांगितलं.

"मले वाटलंच. ते लिनक्सवर चालनार नाई. बदलावं लागन," सरफराज म्हणाला. "रॅम?"

तिने रॅम सांगितली. मग त्याने हार्ड डिस्क विचारली. मग तिने विचारलं की त्याने ही सगळी माहिती कुठून काढली. नागपूरच्या डीलरकडे दोनदा जाऊन आलो, असं तो म्हणाला. अम्मीनेच धाडलं. नवा कॅमेरा घ्यायचा होता, तो आता पुढच्या वर्षी. आणि आपल्याला त्या दिवशी राग आला होता, हेही त्याने सांगितलं. बसमध्ये मूल गावापर्यंत होता, म्हणाला. पुढे उतरला.

"कसा काय उतरला?"

"मनसारामभाऊ पूर्ण रस्ता हसत होते. त्यायच्यासमोर किती येळ राग ठेवते मानूस?"

फरहतने फोनची वायर बोटाला गुंडाळली, सोडली, परत गुंडाळली. जलालुद्दीन समोरच कॅसेटी लावत होता. त्याने एकच कॅसेट तीन वेळा काढून पुन्हा त्याच खणात ठेवली.

मौलवीसाहेबांनी चालतं म्हणून सांगितलं, लग्न ठरलं, आणि पंधरा दिवसांनी फरहत वडिलांबरोबर नागपूरला गेली. डीलरचं ऑफिस सीताबर्डीत, एका जिन्यावर. सरफराज आधीच पोचला होता आणि गुडघे जुळवून शाळेतल्यासारखा बसला होता. डीलर गोल चेहऱ्याचा, बोलका माणूस होता. लिनक्सवालं ओरिओल तो पहिल्यांदाच विकत होता, आणि गिऱ्हाईक चंद्रपूरचं आहे याची त्याला भारी मौज वाटत होती.

"सगळे नोव्हावालंच घेतात," तो म्हणाला. "तुम्ही जास्त पैसे देऊन हे का घेताय, विचारू का?"

"घरगुती कारण आहे," सरफराजने गंभीरपणे सांगितलं. फरहतने ओढणीचं टोक तोंडाला लावलं.

डीलरने कीबोर्ड ओढला. "लायसन्स कोणाच्या नावे?"

"फरहत जलालुद्दीन शेख," सरफराज म्हणाला.

"लग्नानंतर नाव बदलणार असेल तर..."

"नाई. हेच राहन."

"पत्ता?"

फरहतने नागभीडचं घर अजून पाहिलं नव्हतं. स्टेशनच्या कुठल्या बाजूला आहे तेवढंच तिला माहीत होतं. पत्ता त्यानेच सांगावा म्हणून ती सरफराजकडे वळली. पण त्याने सांगायला सुरुवात केली होती, आणि तो पत्ता चंद्रपूरचा होता. गल्ली, घर नंबर, आणि शेवटी 'जलाल व्हिडिओ'.

"तो सध्याचा झाला," डीलर म्हणाला. "नंतरचा द्या. नाहीतर कंपनीकडे पुन्हा पत्रव्यवहार करावा लागतो."

"नंतरचाबी तोच आहे."

खोलीत पंखा फिरत होता. जलालुद्दीनने चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला आणि डोळ्यांवर न चढवता हातातच ठेवला.

"नागभीडले लाईन लय जाते," सरफराज कोणाकडेच न पाहता म्हणाला. "अर्ध्यात बंद पडलं का रात्रीपासून केलेलं सारं काम वाया जाते. अम्मीचंबी तेच म्हननं पडलं. तिचे शिलाईचे गिऱ्हाईक काय, तिले चंद्रपुरातबी भेटतीन."

फरहतला हसू आवरेना.

"आमच्याइथीबी जाते लाईन," ती म्हणाली.

"जाऊ द्या," सरफराज म्हणाला.

डीलरने पत्ता टाइप केला आणि विचारलं, "पिन कोड?"

जलालुद्दीन खिशात दुकानाचं कार्ड शोधू लागला. त्याचा हात बाहेर येण्याआधीच सरफराजने सहाही आकडे न अडखळता सांगून टाकले.