रजेचे दोन दिवस

युद्ध संपून सात वर्षं झाली तरी म्युरिएल टॅपस्कॉटने त्याबद्दल तोंडातून ब्र काढला नव्हता. सख्ख्या आईलाही वाटायचं, लेकीने युद्धात कुठल्याशा सरकारी कचेरीत नुसती टायपिंगची हमाली केली. ती आता शिकवायची त्या लीड्समधल्या शाळेत सरकारी तपासनीस हॅलम येऊन बसला आणि युद्धातल्या कचेरीतल्या तिच्या सहकाऱ्याचं, एडगर विंडलचं नाव त्याने काढलं, तेव्हाही तिच्या जिभेला सवयीचं कुलूप लागलं.

"त्रेचाळीसच्या जूनमध्ये विंडल दोन दिवस रजेवर होता," हॅलम म्हणाला. "त्याच दोन दिवसांत लंडनमध्ये तुमच्या कचेरीतले गुप्त कागद रशियनांच्या हाती पडले. कुठे होता तो?"

तिच्या शेजारच्या खुर्चीत! शत्रूचे संदेश फोडायच्या त्या कचेरीत एक बंद खोली होती. तिथे कामाला बसणाऱ्याने हजेरीपुस्तकात 'रजा' लिहायची आणि बाहेरच्या कुणापाशीही खोलीचा विषय काढायचा नाही, अशी शपथ होती. तिघंच होते: ती, एडगर आणि मेजर ऑर्ड. मेजर वारले. खोलीतले सगळे कागद युद्ध संपल्यावर तिने आणि एडगरनेच हुकमाप्रमाणे बॉयलरमध्ये घातले होते; पुरावा असा उरलाच नव्हता.

"तुम्ही होतात त्या कचेरीत?" तिने विचारलं.

"नाही."

"मग मला काही सांगता येणार नाही."

आणि या शहाण्या बाईला वाटलं, आपण कर्तव्य केलं!

पंधरवड्यात एडगरची नोकरी गेली. ती धावत त्याच्या घरी गेली, तर हा गृहस्थ चहा ओतत बसलेला.

"पासपोर्ट नेला. आता खटला भरणार म्हणे."

"अरे, मग सांगितलं का नाहीस?"

"शपथ काय माझ्या मांजराने घेतली होती? मला वाटलं, तू सांगशील. कँटीनमध्ये तुझी टकळी कधी थांबायची नाही."

"खोलीबद्दल बोलले का कधी?"

"नाहीस ना. तिथेच तर मेलो." तो हसला आणि तिच्यापुढे कप सरकवला.

तिला स्वतःची लाज वाटली. शपथ देशासाठी होती, एडगरला बुडवायला नव्हती. दुसऱ्याच दिवशी ती हॅलमच्या कचेरीत गेली आणि खोली, मेजर, खोटी रजा, सगळं सांगून मोकळी झाली.

हॅलमने मन लावून ऐकलं. मग जुनं हजेरीपुस्तक उघडून तिच्यापुढे सरकवलं. विंडलच्या नावापुढे दोन दिवस रजा. वरच्याच ओळीत टॅपस्कॉट. तेच दोन दिवस, तिच्याच अक्षरात.

"म्हणजे तेव्हा तुम्ही त्याच्याबरोबर होतात," तो म्हणाला. "हे आपणहून सांगताय, बाई. लिहून घेऊ?"

तिने पुस्तक मिटून त्याच्याकडे परत सरकवलं.

"घ्या," ती म्हणाली.

त्याने एक कोरी फाईल काढली आणि वर तिचं नाव घातलं.