चाळीस बाय वीसची माफी

विघ्नेशला माफी मागता येत नसे. त्याचा पाय दुसऱ्याच्या पायावर पडला, तरी तो समोरच्यालाच "जरा बघून" म्हणायचा. त्यामुळे संपदा रुसून अर्नाळ्याला माहेरी गेली, त्याला तीन आठवडे झाले, तरी हा गडी रोज मोबाइलवर "जेवलीस का" लिहायचा आणि पुसून टाकायचा.

झालं होतं असं. आचोळ्याच्या नव्या फ्लॅटवर मित्र जेवायला आलेले असताना सासरे काळूराम सुके बोंबील घेऊन आले. स्वतःच्या होडीचे, स्वतःच्या हाताने वाळवलेले. विघ्नेश सगळ्यांसमोर म्हणाला, "खिडक्या उघडा रे, सासुरवाडी आली!" मित्र खिदळले. काळूराम पाणीही न पिता उठले. दुसऱ्या दिवशी संपदाने बॅग भरली. जाताना एवढंच म्हणाली, "बाबांसमोर 'चुकलं माझं' म्हण, येते मी." दोन शब्द. पण बाईसाहेबांनी नवऱ्याकडे जणू मूत्रपिंडच मागितलं होतं!

विघ्नेश सातिवलीत फ्लेक्स छापायच्या गाळ्यात कामाला होता. तिथे एक दिवस जाहिरात कंपनीची अनुष्का आली. म्हणे, होर्डिंगवर एकच ओळ टाकायची, खाली कंपनीचं नावच नाही. लोकांनी आठवडाभर डोकं खाजवायचं, मग माल प्रकट होणार. आपल्या सोसायटीच्या भिंतीवर कुणी असं निनावी लिहिलं तर आपण पोलीस बोलावतो. कंपनीने लिहिलं की त्याला क्रिएटिव्ह म्हणायचं.

"'अमुक अमुक, परत ये. चुकलं माझं.' अशी ओळ आहे," अनुष्का म्हणाली. "नाव सुचवा ना एखादं, इथलं वाटेल असं."

"संपदा," विघ्नेश म्हणाला. इतकं झटकन उत्तर त्याने शाळेतही कधी दिलं नव्हतं. "आणि एक अर्नाळ्याच्या रस्त्याला लावा. तिथे पब्लिक फार."

अहाहा, काय डोकं! माफी कंपनीची, फ्लेक्स कंपनीचं, बांबू कंपनीचे. ह्याने फक्त बायको परत घ्यायची.

होर्डिंगं लागली आणि विरारपासून वसईपर्यंत दुसरा विषय उरला नाही. पोरींनी त्याखाली उभं राहून रील्स काढल्या. गावातल्या बाकीच्या संपदांच्या नवऱ्यांची घरोघरी जी चौकशी झाली, ती तर विचारूच नका. तिसऱ्या दिवशी संपदा बॅग घेऊन दारात उभी. डोळे भरलेले.

"तू लावलंस?"

विघ्नेशने मान खाली घातली. "तुझ्यासाठी एवढंही नको का?" खोटं कुठे बोलला तो? नुसता प्रश्न तर विचारला!

"बाबा काही बोलले नाहीत," ती म्हणाली, "पण दोनदा रस्त्यापर्यंत जाऊन बघून आले."

हे ऐकून विघ्नेशला क्षणभर खरोखर लाज वाटली. क्षणभरच. मग त्याने चहा टाकला.

आठव्या दिवशी गाळ्यात दुसरी फाइल आली. तीच ओळ, आणि खाली 'झुळूक' रूम फ्रेशनरची बाटली. बाटलीशेजारी ठळक अक्षरांत: 'आता घरात मासळीचा वास येत नाही!'

विघ्नेशने ती ओळ दोनदा वाचली. त्याने अनुष्काला फोन लावला. "मॅडम, ही ओळ बदला. लोकांना लागेल हो."

"लागेल? मग तर मस्तच," ती म्हणाली. "अजून चर्चा होईल!"

एरवी दिवसातून चारदा अडकणारं मेलं मशीन त्या दिवशी एकदाही अडकलं नाही. आणि विघ्नेशने तोंडातून ब्र न काढता सगळी फ्लेक्स छापून दिली.

दुसऱ्या दिवशी संपदा भाजी आणायला गेली ती रिकामी पिशवी घेऊन परत आली. ओरडली नाही, रडली नाही. बॅग भरली आणि दारातून म्हणाली, "खिडक्या उघड्याच ठेव."

महिन्याभराने झुळूकला कसलंसं बक्षीस मिळालं आणि होर्डिंगं उतरली. उतरलेलं फ्लेक्स कोळीवाड्यातले लोक घेऊन जातात, किनाऱ्यावर मासळी वाळत घालायला ते बरं पडतं. विघ्नेश एका रविवारी अर्नाळ्याला गेला, तेव्हा त्याची चाळीस बाय वीसची माफी वाळूत पसरलेली होती. संपदा तिच्यावर मुठीमुठीने जवळा टाकत होती. 'परत ये' केव्हाच झाकलं गेलं होतं, आता 'चुकलं माझं'ची पाळी होती.

"संपदा," त्याने हाक मारली.

तिने वर पाहिलंच नाही. "या वेळी काय विकायचंय?"

विघ्नेशने आधारासाठी खाली फ्लेक्सकडे पाहिलं. वाचायला काही उरलं नव्हतं, सगळ्यावर जवळा. शेवटी तो पलीकडे बसलेल्या काळूरामांकडे वळला आणि पुटपुटला, "बाबा, चुकलं माझं."

"मोठ्यानं बोला, जावयबापू," म्हातारा म्हणाला. "नाय आयकू आलं. रस्त्यावर तर केवढ्यानं बोललावता."

आजूबाजूच्या बायकांचे हात थांबले. विघ्नेशचे कान लाल झाले. "चुकलं माझं, बाबा!" तो ओरडला, आणि शेवटच्या शब्दाला त्याचा आवाज फाटला.

 काळूरामांनी बाजूची पाण्याची बाटली उचलून त्याच्यापुढे धरली.

संपदाने जवळ्याची टोपली पायाने त्याच्याकडे सरकवली. "पाणी पी आणि पसरायला लाग," ती म्हणाली. "हाताला वास लागेल, आधीच सांगून ठेवते."