पाताळबाबा आणि बिस्किटाचा थर

कँटीनमधली टेबलं भिंतीला लावून दोन्ही पाळ्यांची माणसं मधोमध दाटीवाटीने उभी होती. मी दारातून आत शिरले आणि एकदम गलका उठला. पाताळबाबांनी एका तांब्यातलं पाणी काचेच्या ग्लासात ओतून त्यात खडकाचा तुकडा सोडला होता, आणि बघता बघता त्याचा चिखल झाला.

“खडक रागावलाय!” बाबा डोळे मिटून म्हणाले. “जमिनीला न विचारता भोकं पाडता. रागावणार नाही तर काय लाड करणार तुमचे?”

मग त्यांनी त्याच खडकाचा दुसरा तुकडा मुठीत धरला, काहीतरी पुटपुटले, फुंकर मारली आणि दुसऱ्या तांब्यातून भरलेल्या ग्लासात टाकला. तुकडा तळाशी गेला आणि तसाच पडून राहिला.

“राग शांत! आता हा पोलाद! खुशाल पाणी सोडा विहिरीत, पाताळाची हमी माझी!”

टाळ्या पडल्या. सगळ्यात पुढे, हात जोडून, माझा धाकटा भाऊ. तो या तेलविहिरीवर ड्रिलिंगला आहे आणि मी कंपनीच्या प्रयोगशाळेत. खालून काढलेले खडकाचे दांडके यंत्रात दाबून फोडायचे आणि ते किती दाबाला फुटले ते कळवायचं, हे माझं काम. इतकी वर्षं दगड फोडतेय, डोकी मात्र तशीच्या तशी. खरं सांगते, कंटाळा आलाय.

भानगड अशी होती. तेल होतं वालुकाश्मात, पण त्या साठ्यात मधेमधे चिकणमातीच्या खडकाचे थर होते. हा खडक कोरडा असताना हातोड्यालाही दाद देत नाही; पाणी लागलं की चहात बुडवलेल्या बिस्किटासारखा गळतो. आम्ही त्याला बिस्कीटच म्हणतो. विहीर खोदताना भोकात पातळ चिखल सोडावा लागतो. इथे तो तेलात कालवायचा, पाण्यात मुळीच नाही, असं मी मॅनेजरसाहेबांना बजावलं होतं. पण तेलाचे टँकर रस्त्यात अडकलेले, वरून सारखे फोन, आणि साहेबांना घाई. मग कुणीतरी बाबांना गाठलं.

शेजारच्या विहिरीत असाच पाण्याचा चिखल सोडला होता. भिंत ढासळली, पाइप अडकला, ओढताना पोलादी दोर तुटला आणि धाकट्याचा जोडीदार घरी परतलाच नाही. उद्या इथे धाकटाच उभा राहणार होता.

“बाबा,” मी पुढे होऊन म्हणाले, “बिनमंत्राचा तुकडा त्या दुसऱ्या ग्लासात टाकू का?”

“संशयी दिसते बाई. संशयाने शक्ती विटते.”

“विटू दे थोडी.”

“मॅडम, सगळ्यांसमोर नको,” मॅनेजरसाहेब कुजबुजले.

“आतापर्यंतचं सगळ्यांसमोरच झालं ना, साहेब?”

मी त्याच खडकाचा एक तुकडा त्यात टाकला. ना मंत्र, ना फुंकर, तरी तुकडा ठणठणीत. मग आणखी एक तुकडा बाबांच्या हातात दिला. “हा मंतरा. हवा तेवढा वेळ घ्या.” माणसं बघत होती, बाबांना नाही म्हणता येईना. त्यांनी पुटपुटून दिलेला तुकडा मी नळाच्या पाण्यात सोडला. बुडबुडे आले, भेगा पडल्या, खाली चिखल बसला.

कँटीनच्या आचाऱ्याने बाबांच्या दुसऱ्या तांब्यात बोट बुडवून चोळलं. “अहो, हे तर तेल आहे!”

तेलच होतं. पाण्यासारखं दिसणारं, बिनवासाचं. चिकणमातीचे कण पाणी पितात, फुगतात, एकमेकांना ढकलतात आणि खडक फुटतो. तेल ते पीत नाहीत. खडकाला राग नसतो, तहान असते. पाण्यात फुटतो, तेलात टिकतो, हे मी महिनाभर सांगत होते. बाबांनी ते फुकटात करून दाखवलं आणि अर्थ मात्र उलटा सांगितला.

बाबांनी तांबे आवरले. जाता जाता एकाने त्यांना गुडघेदुखीवर उपाय विचारलाच. माझ्यात हसायचंही त्राण नव्हतं.

“तायडे, मला तोंडघशी पाडलंस,” धाकटा चिडून म्हणाला. “मग आता काय, बाबाऐवजी तुझ्यावर विश्वास ठेवू?”

“माझ्यावरही ठेवू नकोस. हा घे तुकडा. नळ तिकडे आहे.”

तो तणतणत गेला. नळापाशी बराच वेळ पाठमोरा उभा होता. परत आला तेव्हा त्याच्या बोटांच्या फटींतून चिखल गळत होता आणि चेहरा उतरला होता. जोडीदाराची आठवण आली असावी. माझ्याकडे न बघता तो थेट मॅनेजरसाहेबांपुढे गेला.

“टँकर येईपर्यंत मी मशीन सुरू करणार नाही.”

पाळीतली माणसं एकेक करून त्याच्या मागे उभी राहिली.

“अरे, वरून विचारलं तर मी काय सांगू?”

“काही सांगू नका,” धाकट्याने चिखलाची मूठ त्यांच्यापुढे उघडली. “त्यांनाही एक तुकडा पाठवा आणि म्हणावं, स्वतः भिजवून बघा.”